ललिता बाबरसारखं स्टीपलचेसकडे वळावं का? भाचीसाठी विचारतेय

दहिवडीची आत्या

नमस्कार मंडळी. इथे पळणारे आणि पळवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

माझ्या भावाची मुलगी पंधरा वर्षांची आहे. माण तालुक्यातल्या आमच्या गावीच राहते. सहावीपासून पळते आहे, तीन हजार मीटरमध्ये दोनदा जिल्ह्यापर्यंत गेली. यंदा 11 मिनिटं 40 सेकंद लागले. मी पुण्याला असते, त्यामुळे तिचं पळणं मी जास्त करून व्हिडिओवरच बघते. तिला शिकवणारे सर आता म्हणताहेत की हिला स्टीपलचेस द्यायचं, म्हणजे लाकडी अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत. त्यांचं म्हणणं, पोरगी ताली-बांध ओलांडत शाळेत जाते, तिला उडीची भीती नाही, आणि नुसत्या तीन हजारात गर्दी फार आहे.

पोरगी एका पायावर तयार आहे. तिच्या कपाटाला आतून ललिता बाबरचं कात्रण चिकटवलेलं आहे. ते मूळचं माझं. ऑगस्ट 2016 चं, ती रिओ ऑलिंपिकला पळाली तेव्हाचं. तिचं मोही गाव आमच्यापासून लांब नाही, त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता.

दादा मात्र नाही म्हणतोय. त्याला दोष देता येत नाही. चार वर्षांपूर्वी तो ट्रॉलीवरून पडला, मांडीत अजून रॉड आहे, थंडीत पाय ओढत चालतो. तो म्हणतो, पळू दे की, पळायला कोण नको म्हणतंय, पण लाकडावरून उड्या मारून पाय मोडून घेतला तर जन्माचं झालं. आणि ललिता तर मुंबईची मॅरेथॉन जिंकत होती, तिनं ते सोडून हे का धरलं, हे तो मला दर फोनला विचारतो. मला नीट उत्तर देता येत नाही. ललितानं हे कितव्या वर्षी सुरू केलं, मॅरेथॉन का सोडली, यात इजा किती होते, कुणी सांगू शकेल का? खेळातल्या माणसाकडून कळलं तर दादा ऐकेल.

---

रविवारचा पळ्या

ताई, मी खेळाडू नाही, दादरला राहतो आणि जमेल तसा पळतो. पण ललिताला मी मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडवर प्रत्यक्ष पाहिलं आहे. वर्ष 2014, जानेवारी. त्या वर्षी ती भारतीय महिलांमध्ये सलग तिसऱ्यांदा पहिली आली होती (2012, 2013, 2014). पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो. पाय संपलेले असतात आणि समोर चढ. चांगली चांगली माणसं तिथे चालायला लागतात. ती आली तेव्हा तिची मान हलत नव्हती, खांदे खाली, पावलं लहान आणि एकसारखी, जणू सपाटीवरच पळतेय. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी "आली गं बाई आमची" म्हणून हाक मारली. कुठल्या होत्या माहीत नाही, पण हाक साताऱ्याकडची होती.

तिनं मॅरेथॉन पुरती सोडली नाही, एवढं तुमच्या दादांना सांगा. 2015 ला ती परत मुंबईत पळाली. त्या वर्षी ओ. पी. जैशा या धावपटूनं 2 तास 37 मिनिटं 29 सेकंदांत पहिला नंबर काढला आणि ललिता 2:38:21 मध्ये दुसरी आली. तोवर ती स्टीपलचेसमध्ये आशियाई पदक घेऊन बसली होती. बाकीचं जाणकार सांगतील.

---

मैदानातली बाई

आत्याबाई, तुमचा प्रश्न वाचून आज दुपारची शाळा सुटेपर्यंत हेच डोक्यात होतं. मी खटाव तालुक्यात क्रीडाशिक्षिका आहे. त्याआधी विद्यापीठाकडून तीन वर्षं स्टीपलचेस पळले. ललिताची आणि माझी तुलना करायची नाही, ती कुठे आणि मी कुठे. पण तो लाकडी ओंडका आणि ते पाणी मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दादांना वाचून दाखवा.

आधी वयाचं. ललिताचा जन्म 1989 चा. स्टीपलचेसमध्ये तिचं नाव झालं 2014 मध्ये, इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत. म्हणजे वय पंचवीस. त्याआधीची सगळी वर्षं ती लांब पल्ल्याचं पळत होती. वर्तमानपत्रात आलं की मॅरेथॉन सोडून स्टीपलचेसकडे वळली, ते वाचताना लोकांना वाटतं एक दुकान बंद केलं आणि दुसरं उघडलं. तसं नव्हतं. मॅरेथॉननं जे पाय दिले, तेच घेऊन ती इकडे आली. तुमच्या भाचीच्या सरांना मी हेच विचारेन: पोरीला अडथळे द्यायचे ते ठीक, पण तिचं साधं पळणं पक्कं व्हायला अजून किती वर्षं देणार आहात?

आता ही शर्यत म्हणजे काय, ते. तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्यांच्या हिशोबाचं अंतर. त्यात 28 वेळा कोरडा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा. एकूण 35 उड्या. शंभर मीटर हर्डल्समध्ये पाय लागला की हर्डल पडतो, आपण पुढे जातो. इथला अडथळा पडत नाही. वरची पट्टी पाच इंच जाड चौकोनी लाकूड, अख्खा सांगाडा शंभर किलोच्या आसपास. पाय अडकला तर अडथळा जागेवर आणि आपण जमिनीवर. मुलींसाठी त्याची उंची 76.2 सेंटिमीटर, मुलांसाठी 91.4. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाण्याचा खड्डा बारा फूट लांब असतो. अडथळ्याला लागून सर्वांत खोल आणि पुढे पुढे उथळ होत ट्रॅकला येऊन मिळतो. म्हणजे जो लांब पडेल त्याचा घोटाच भिजतो, जो आखूड पडेल तो मांडीपर्यंत जातो. त्यामुळे पाण्याच्या अडथळ्यावरून बहुतेक जण सरळ उडी मारत नाहीत. एक पाय पट्टीवर टेकवायचा, चवड्यावर, टाच नाही. गुडघा वाकलेला ठेवायचा, उभं राहायचं नाही, आणि तिथून रेटा मारून पुढे जायचं. एका पायावर पाण्यात उतरायचं आणि दुसरा पाय कोरड्यात. हे सात वेळा. पहिल्या दोन वेळा मजा वाटते. पाचव्या फेरीला बुटात पाणी भरलेलं असतं, मांड्या पेटलेल्या असतात आणि पट्टी दर वेळी एक वीत वर गेल्यासारखी वाटते.

खरी गोम पाचव्या-सहाव्या फेरीत आहे. दमलेल्या पोरीचं पाऊल आखूड होतं. अडथळ्यापाशी पोचताना अंतर चुकतं, मग ती दोन-तीन टुकूटुकू पावलं टाकते, वेग मरतो, आणि थांबल्यासारख्या उडीतच पाय अडकतो. पडणं होतं ते बहुतेक असं. उडी येत नाही म्हणून कमी, दम संपला म्हणून जास्त. आता सांगा, पेडर रोडचा चढ ज्या बाईनं तीन वर्षं तसल्या पावलांनी चढला, तिला शेवटच्या फेऱ्यांत काय होणार? दादांच्या "का धरलं" या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. बंगळूरु आणि ऊटीच्या शिबिरात बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह तिला शिकवत होते. त्यांनी तो दम ओळखला. पुढे आपल्या आष्टीच्या अविनाश साबळेलाही त्यांनीच शिकवलं. 2021 मध्ये ते पतियाळाच्या शिबिरातच गेले.

तिच्या वेळा एकदा ओळीनं बघा. इंचिऑन, सप्टेंबर 2014: 9 मिनिटं 35.37 सेकंद, कांस्य. त्या दिवशी पहिली आलेली बहारीनची रूथ जेबेट आधी बाद ठरली, ललिताला रौप्य मिळालं असं जाहीर झालं, मग जेबेटला परत घेतलं आणि ललिता पुन्हा कांस्यावर आली. तिच्या मागे चौथी कोण होती? सुधा सिंह, 9:35.64. पाव सेकंदाचा फरक. सुधा म्हणजे 2010 ला आशियाई स्पर्धेत ही शर्यत मुलींसाठी पहिल्यांदा झाली तेव्हाची सुवर्णविजेती. तिचं नाव या गोष्टीत कुणी घेत नाही, मला ते आवडत नाही. सुधा पुढे नसती तर ललितानं गाठायचं कुणाला होतं?

2015 च्या जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद, सुवर्ण, 9:34.13. ऑगस्टमध्ये बीजिंगची जागतिक स्पर्धा, प्राथमिक फेरीत 9:27.86, अंतिम फेरीत आठवी. एप्रिल 2016, दिल्ली, 9:27.09. आणि मग 13 ऑगस्ट 2016, रिओ, प्राथमिक फेरी: 9:19.76. मे महिन्यात सुधानं केलेला 9:26.55 चा राष्ट्रीय विक्रम एका शर्यतीत जवळजवळ सात सेकंदांनी मोडला! प्रत्येक किलोमीटर तीन मिनिटं साडेसहा सेकंदांच्या आसपास, तेही अडथळ्यांसकट. तुमच्या भाचीला सांगा, मैदानावर एक किलोमीटर मोकळं पळून घड्याळ बघ, मग तुला कळेल.

अंतिम फेरी पंधरा ऑगस्टला होती. सकाळी शाळेत झेंडावंदन, आणि संध्याकाळी आपल्याकडे पावणेआठला शर्यत. मी तेव्हा वसतिगृहावर होते. चाळीस मुली आणि एक टीव्ही. ती दहावी आली, 9:22.74. मुली गप्प झाल्या, त्यांना पदक हवं होतं. मी फळ्यावर लिहिलं: 1984, पी. टी. उषा, लॉस एंजेलिस. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठलेली भारतीय बाई म्हणजे ही. मध्ये 32 वर्षं. त्या चाळीसजणींपैकी उषा पळाली तेव्हा जन्मलेली एकही नव्हती, मीसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नेहमीच्या अकरा मुली यायच्या, त्या दिवशी सव्वीस आल्या.

तो 9:19.76 चा विक्रम सात वर्षं टिकला. 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं 9:15.31 करून तो मोडला. माझ्या हाताखालच्या मुलींना मी दोन्ही आकडे तोंडपाठ करायला लावते.

आता इजा. खोटं सांगणार नाही. माझ्या डाव्या नडगीवर चार इंचांचा व्रण आहे. एका स्पर्धेत आमच्या आधी मुलांची शर्यत झाली आणि आयोजकांनी अडथळे खाली घेतलेच नाहीत. आम्ही आठजणी 91.4 वर पळालो. सरावात पायाला 76 ची सवय, डोळ्यालाही तीच. पहिले दोन मी कसेबसे काढले, तिसऱ्यावर मागचा पाय अडकला. नडगी फाटली, हाड शाबूत राहिलं. माझ्यापाठोपाठ आणखी एक पडली. कुणी माफी मागितली नाही, शर्यत पुन्हा घेतली नाही, तो निकाल तसाच कागदावर राहिला. त्याचा राग मला अजून आहे. तेव्हापासून माझ्या पिशवीत शिवणकामाची टेप असते. शर्यतीआधी मी स्वतः प्रत्येक अडथळा मोजते. पंच वैतागतात, मी मोजते.

म्हणून दादांना एवढं सांगा की त्यांची भीती खोटी नाही. पण पोरींचे पाय जिथे गेले ती ठिकाणं मला ठाऊक आहेत: चुकीची उंची, निसरडी पट्टी, सिमेंटसारखा टणक झालेला खड्डा, आणि दमलेल्या मुलीला "अजून एक" म्हणणारे शिक्षक. या चारही गोष्टी आधी बघता येतात.

---

दहिवडीची आत्या

बाई, काय लिहू कळत नाही. दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं, अर्धा तास लागला. मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "त्या बाईंचा पाय आता दुखतो का, ते विचार." तेवढं सांगाल का?

दुसरं वहिनीचं म्हणणं आहे. ती म्हणते पळून पळून पुढे काय. ललिताला सरकारी नोकरी मिळाली हे खरं ना?

---

फाइलीतला माणूस

नोकरीबद्दल मी सांगतो, मंत्रालयात अठरा वर्षं काढली आहेत. ललिता बाबर आधी रेल्वेत होत्या. 2016 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर राज्य सरकारनं त्यांना थेट उपजिल्हाधिकारी म्हणून घेतलं. ते ऑलिंपिकमधल्या कामगिरीमुळे. तसं सगळ्यांचं होत नाही आणि वहिनींना तसं सांगू नका.

पण राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, त्या सामान्य घरातल्या मुलांसाठीच आहेत. माझ्या अनुभवात मुलं अडतात ती कागदावर. प्रमाणपत्र कुठल्या स्पर्धेचं, ती मान्यताप्राप्त संघटनेची होती का, पडताळणी झाली का. पोरगी आत्ता जिल्हा खेळली आहे ना, मग एक फाइल करा. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेचं पत्रक, निकालाचा कागद. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवू नका, शाई उडते. तीन झेरॉक्स काढून ठेवा. हे काम आईनं अंगावर घ्यावं असं मला वाटतं. माझ्या टेबलासमोर मी राज्यस्तरावर पदक घेतलेली मुलं रडताना पाहिली आहेत, कारण दहा वर्षांपूर्वीचा कागद सापडत नव्हता.

---

मैदानातली बाई

दादांना सांगा, दुखत नाही. पावसाळ्यात व्रण खाजतो, तेवढंच. रोज मुलींबरोबर चार किलोमीटर पळते.

सुरुवात कशी करायची ते लिहिते, सरांनाही दाखवा. पहिले सहा महिने पाणी नकोच. लांब उडीचा वाळूचा खड्डा शाळेत असेलच. तो फावड्यानं उकरून मऊ करायचा, त्याच्या काठाशी एक पक्का बाक किंवा अडथळा मांडायचा, उंची दीड फुटापासून. पट्टीवर चवडा टेकवून वाळूत उतरायचं. दोन्ही पायांनी शिकायचं, कारण दमल्यावर कुठला पाय पुढे येईल ते आपल्या हातात राहत नाही. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला दहा-बारा उड्या, पळण्याच्या आधी, दमल्यावर नाही. बाकी दिवस तिचं साधं पळणं चालू द्या, माळावरचं, चढाचं. डांबरीवर कमी. ताली ओलांडते म्हणालात ते उत्तम आहे, पण ताल मातीची असते, पाय लागला तर माती ढासळते. लाकूड ढासळत नाही, हा फरक तिला पहिल्याच दिवशी हात लावून दाखवायचा.

आणि एक. तिला पाळीच्या दिवसांत सराव कसा करायचा ते सर सांगणार नाहीत, संकोच करतील. ते तुम्ही आत्या म्हणून बोला, नाहीतर तिला माझ्याशी बोलू द्या. रक्त तपासून हिमोग्लोबिन बघून घ्या. आमच्याकडच्या चांगल्या पळणाऱ्या पोरी दहावीत मागे पडतात, तेव्हा मी आधी हेच बघते.

---

दहिवडीची आत्या

दादाचा आत्ता फोन आला होता. पोरीला घेऊन तो स्वतः तुमच्या शाळेत येतो म्हणतोय, पुढच्या रविवारी चालेल का? आधी तो अडथळा त्याला स्वतःच्या हातानं हलवून बघायचा आहे. वहिनी झेरॉक्स काढायला दहिवडीला गेली आहे.

---

मैदानातली बाई

चालेल. सकाळी सातला या, ऊन व्हायच्या आत. तिचे रोजचेच बूट आणा, नवे घेऊ नका. दादांना म्हणावं अडथळा हलवायला दोन माणसं लागतात, दुसरी मी आहे. टेप माझ्याकडे आहेच. पत्ता खासगी निरोपात पाठवते.